कंट्रोलर हरीभाऊंचा बुधवार

खारबंदरच्या एस.टी. स्टँडावर भोंगा होता, पण तो नसता तरी कुणाचं काही अडलं नसतं. कंट्रोलर हरिश्चंद्र गोताड, म्हणजे आपले हरीभाऊ, नुसते खिडकीत उभे राहून बोलले तरी फलाट एक, फलाट दोन आणि रस्त्यापलीकडचं न्हाव्याचं दुकान, सगळीकडे स्वच्छ ऐकू जायचं. पण सरकारने माईक दिलेला, मग तो तोंडाशी धरायलाच हवा. हरीभाऊ तो असा धरायचे की बघणाऱ्याला वाटावं, याच कामासाठी माणूस जन्माला आलाय.

माणूस तसा साधा, पण आवाजाचा गर्व होता. आणि का नसावा? दुपारनंतर दही खायचं नाही, खिशात कायम ज्येष्ठमधाची काडी. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान गोताडांचा. हरीभाऊंनी "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात केली की अख्खी वाडी एका दमात "व्हय म्हाराजा" म्हणायची आणि पिंपळावरचे कावळे उडायचे. नवी होडी पाण्यात ढकलायची असो की विहीर खणायची असो, गाऱ्हाण्यावाचून आमच्याकडे पान हलत नाही, आणि हरीभाऊंवाचून गाऱ्हाणं होत नाही.

स्टँडावरची त्यांची घोषणाही वेगळी. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, रत्नागिरीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," एवढं सरकारी झालं की ते स्वतःचं एक शेपूट जोडायचे: "घाई करू नका, गाडी तुमचीच आहे!" वरच्या साहेबांनी दोनदा सांगून पाहिलं, गोताड, हे नियमात नाही. "नियमात नाय सायब, पण माणसां पायरीवरून पडत नाय," हरीभाऊ म्हणाले, आणि शेपूट राहिलं.

अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीनंतर दर बुधवारी दुपारी मोहल्ल्यातली मासूमा आपल्या सात वर्षांच्या मुलीला, आयातला घेऊन स्टँडावर यायला लागली. नवरा फहाद कुवेतला, घरी सासरे अयूब नाखवा. मासूमा पोरीला घट्ट धरून फलाटाच्या अगदी टोकाला उभी राहायची. पोर दिसायला गोरीगोमटी, पण डोळ्याला डोळा देत नव्हती. पाच मिनिटं बरी जायची. मग ती कान दाबून किंचाळायला लागायची, बाकाखाली शिरायची, स्वतःच्या मनगटाला चावायची. गाडी लागायची, माणसं चढायची, आणि मासूमा मुलीला बाकाखालून ओढत असतानाच गाडी निघून जायची.

बघणाऱ्यांना तर काय, फुकटचा तमाशा. एक म्हणाली, लाडावून ठेवलीय. दुसरा म्हणाला, बाहेरची बाधा आहे. तिसऱ्याने तर, "दोन थोबाडीत द्या, गप्प होईल," असा सल्ला दिला. मेला, स्वतःची तीन पोरं दहावीला बसली ती तिथेच बसलेली, पण सल्ला द्यायला पुढे!

तिसऱ्या बुधवारी गाडी चुकली तेव्हा हरीभाऊंना राहवलं नाही. ते खिडकीतून उठून बाहेर आले. मासूमा बाकाशेजारी जमिनीवरच बसली होती, ओढणीने पोरीच्या मनगटावरचं रक्त पुसत.

"बाय, काय ता एकदा सांग तरी. जायचा खय तुका?"

मासूमाने सांगितलं. रत्नागिरीत ज्ञानेश्वरीताई म्हणून एक बाई अशा मुलांचा वर्ग घेतात. मुलीला ऑटिझम आहे, स्वमग्न म्हणतात तसं, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय. वेड नाही, बाधा नाही. तिला आवाज, उजेड, वास, सगळं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. वर्गात सहाच मुलं घेतात आणि बाहेर वीस थांबलेली आहेत. सलग चार बुधवार बुडाले की जागा दुसऱ्याला जाते. तीन बुडाले. रिक्षा केली तर तिच्या फटफट आवाजाने आयात याहून जास्त ओरडते. एस.टी.त बसली की शांत असते, खिडकीला गाल लावून. अडतं ते सगळं या स्टँडावर.

"आणि सासरे म्हणतात, पुरे आता, पोरीला घरात ठेव. खोलीला बाहेरून कडी घालायची भाषा करतात, भाऊ."

हरीभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. "मग आमी काय करायचा ता सांग. आमच्या हातातला असला तर करू."

मासूमा खाली बघत म्हणाली, "राग नका मानू. तिला तुमचा आवाज सोसत नाही."

झालं! आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. हरीभाऊ आत गेले, आणि संध्याकाळी घरी जाऊन ताटावर बसले ते हात न लावता उठले. बायकोने, जनीवहिनीने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे सांगितलं. वहिनी पदर तोंडाला लावून हसली. "तीस वर्षां मी सोसतंय. त्या पोरीन तीन बुधवारात सांगून टाकला. हुशार हाय हो चेडू!"

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर हरीभाऊंनी एक विचित्र गोष्ट केली. इकडे तिकडे बघून ते त्या बाकाखाली शिरले. एक्कावन्न वर्षांचा खाकीतला माणूस गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून बसला. आधी काही कळलं नाही. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा चोक एकसारखा घूं घूं करत होता. वीस वर्षं त्या ट्यूबखाली बसून हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. लवूच्या चहाच्या गाडीवरचा पंपाचा स्टो गर्जत होता. फिनेलचा वास नाकात गेला तो डोक्यात चढला, त्यात फलाटावरच्या मासळीच्या टोपल्या. वरचे पत्रे उन्हाने कडकड वाजत होते. आणि एवढ्यात बदली माणसाने माईक चालू केला. आधी शीळ वाजली, मग घोषणा. बाकाखाली हरीभाऊंनी स्वतःचे कान दाबले.

"काय हरीभाऊ, विडी पडली काय?" रत्नागिरी गाडीचा ड्रायव्हर महिपत वाकून बघत होता.

"विडी नाय रे. अक्कल शोधतंय," हरीभाऊ म्हणाले.

शोधली म्हणा, मिळाली म्हणा, पण त्या आठवड्यात त्यांनी स्टँडावर एकालाही स्वस्थ बसू दिलं नाही. कोपऱ्यात पार्सलची एक खोली होती, तीत फाटके टायर आणि उंदीर. ती रिकामी केली. पत्र्याखाली नारळाच्या विणलेल्या झापांचं छत बांधलं. पत्र्याचा आवाज मेला आणि उन्हाची तिरीप गेली. ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला, तोही कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. जमिनीवर काथ्याची जाड चटई अंथरली. बाक भिंतीला असं टेकवलं की बसणाऱ्याच्या पाठीमागून कुणी येऊ नये. खोलीत फिनेल बंद, उदबत्ती बंद. लवूला गाडी पार वडाखाली न्यायला लावली. तो कुरकुरला, पण नेली.

राहिली घोषणा. गाडी आली हे न ओरडता कळवायचं कसं? सुताराकडून हरीभाऊंनी फळकुटाच्या पाट्या करून घेतल्या. पावसच्या गाडीला आंबा, रत्नागिरीच्या गाडीला दीपगृह, वर रंग वेगळा. गाडी आली की तिची पाटी खोलीच्या दारावरच्या खिळ्याला लावायची. तिथून फलाटापर्यंत चुन्याचा पांढरा पट्टा ओढला. पट्टा संपतो तिथेच गाडीचं दार यायला हवं, इंजिन बंद, हॉर्न नाही. महिपत म्हणाला, "वितभर इकडेतिकडे झाली तर?" हरीभाऊ म्हणाले, "तर उतर आणि ढकल."

चौथा बुधवार उजाडला. स्टँड नुसता उतावीळ झाला होता. टीका करणारीच माणसं आता दार अडवून मासूमाला खोली दाखवत होती. आयात आत गेली. भिंतीला पाठ लावून बसली. मग खाली उतरून काथ्याच्या चटईवर तळहात घासायला लागली, पुढे मागे, पुढे मागे. किंचाळली नाही. मासूमाने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तिला तसं बसलेलं बघून हरीभाऊंना भरून आलं.

आणि इथेच घात झाला. एवढं शुभकाम, आणि गाऱ्हाणं नको? कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो! लवूने नारळ आणून हातात ठेवला. वीसेक माणसं दारासमोर डोक्यावरच्या टोप्या सारख्या करून उभी राहिली. हरीभाऊंनी ठरवलं होतं, हळू बोलायचं. पण गाऱ्हाणं हळू कसं घालतात हे त्या गळ्याला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. नारळ हातात आला, डोळे मिटले, आणि पिढ्यांचा आवाज आपसूक वर आला.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वीस गळे.

नारळ उंबऱ्यावर फाडकन आपटला.

आयात दारातून सुटली ती माणसांच्या पायांमधून, कान दाबून, त्या पांढऱ्या पट्ट्यावरून सरळ धावत. पट्टा संपला तिथे महिपतची गाडी आत वळत होती. ब्रेक असा लागला की टपावरच्या दोन टोपल्या खाली आल्या. बंपर आणि पोर यांच्यात हातभर जागा उरली होती.

मासूमाने मुलीला उचललं, छातीशी धरलं, आणि हरीभाऊंकडे एकदाही न बघता मोहल्ल्याची वाट धरली. चौथा बुधवार बुडाला. हरीभाऊ फोडलेल्या नारळाकडे बघत उभे होते. आपण त्या पोरीला आज आपल्या हाताने मारलं असतं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते रत्नागिरीला गेले. ज्ञानेश्वरीताईंच्या वर्गाबाहेर दोन तास बसले. बाई आल्या तशी हरीभाऊंनी झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि तेही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात. "चूक पोरीची नाय, आयशीची नाय. माजी. एक बुधवार द्या. तो चुकला तर मी परत विचारूक येणार नाय." बाईंनी खोलीबद्दल बारीकसारीक विचारलं, झापं, बल्ब, पाट्या. मग म्हणाल्या, "काका, खोली तुम्ही उत्तम केलीत. आता तिला तिच्यापुरती राहू द्या. एक बुधवार थांबते मी."

तिथून तडक अयूब नाखवांच्या पडवीत. नाखवा जाळं विणत बसले होते. वर न बघता म्हणाले, "हरी, तुझा देव आणि माझा अल्ला, दोघांपैकी बहिरा कोणच नाय. ओरडायची काय गरज होती?"

"चुकलो, नाखवा."

"पोर चेंगरली असती."

"व्हय. त्याच्यासाठीच आलोय. एक बुधवार द्या मला. पोरीला घराची कडी नको."

नाखवांचा हात थांबला. कडीची गोष्ट बाहेर गेलीय हे त्यांना लागलं असावं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "मला काय हौस हाय काय? दर बुधवारी नातीचं रक्त बघून सून घरी येते, माझ्याच्यान बघवत नाय," ते म्हणाले. आतून मासूमा दारात आली होती. तिने फक्त होकाराची मान हलवली.

पाचव्या बुधवारी दीड वाजता हरीभाऊंनी माईकची वायर उपटून खिशात घातली. कोण काही विचारायला आलं तर तोंडावर बोट. स्टँडावर अशी शांतता पसरली की दुपारच्या वेळी बांगड्या वाजल्या तरी माणसं वळून बघायला लागली. हरीभाऊंनी रत्नागिरीची पाटी, दीपगृहाची, खिळ्याला लावली आणि ते खांबाआड गेले, पोरीला दिसू नये म्हणून. आपला चेहराही तिला त्या आवाजाची आठवण देईल, असं त्यांना वाटत होतं.

महिपतने लांबूनच इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावरून घसरत आणली. दार पट्ट्याच्या टोकाशी आलं, वितभरही इकडेतिकडे नाही. आयात खोलीच्या दारात आली. पाटीकडे बघितलं. दीपगृहावरून बोट फिरवलं. मग खाली मान घालून पट्ट्यावरून एकेक पाऊल टाकत निघाली, मासूमा दोन पावलं मागे. पायरी. दुसरी पायरी. आत. खिडकीला गाल.

खांबाआड हरीभाऊ ओठ दाबून रडत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तोंडातून आवाज न काढता देवाला काही सांगितलं असेल.

त्यानंतर बुधवारी दीड ते अडीच खारबंदर स्टँड मुका, हा कायदाच झाला. तक्रारी आल्या. एकाची पावसची गाडी चुकली, त्याने वर अर्ज ठोकला. साहेब चौकशीला आले, तेव्हा खोलीत डोकं दुखणारी एक म्हातारी आडवी झाली होती आणि एक बाई लेकराला पाजत होती. बाहेर एक जन्माचा बहिरा माणूस पाट्या बघून आपला आपण गाडीत चढला. साहेबांनी चहा घेतला आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला. पुढे पाट्या रोजच्याच झाल्या.

आयातचा वर्ग सुटला नाही. ती वाढली, मासूमाचा हात न धरता पट्ट्यावरून चालायला लागली. बोलायची ती मात्र दुसऱ्यांची वाक्यं. ऐकलेलं जसंच्या तसं, त्याच सुरात. लवूचं "गरम चाय, आल्याची चाय". कंडक्टरचं "पुढे सरका, मागे माणसं हायत". रेडिओवरची साबणाची जाहिरात. गंमत म्हणजे जागा पाहून बोलायची. गर्दी झाली की "पुढे सरका", तहान लागली की "गरम चाय". लवू तर छाती फुगवून सांगायचा, माझं वाक्य आयात बोलते.

हरीभाऊंचं एकही वाक्य ती सात वर्षांत बोलली नाही. बुधवारी ते गप्पच असायचे. ऐकलं असेल तेवढं पहिल्या तीन आठवड्यांतलं, आणि ते गाऱ्हाणं. एकदा लवूपाशी बोलून गेले, "सगळ्यांचा बोलता, माजा नाय. बरोबरच हाय म्हणा. मी तिच्या जागी असतंय तर मीपण नसता बोललो." हसून बोलले, पण लागलेलं होतं. आवाजाचा गर्व असलेल्या माणसाला दुसरं काय लागणार!

दोन हजार पाचच्या ऑगस्टच्या एकतीस तारखेला हरीभाऊ निवृत्त झाले. नेमका बुधवार. निरोपाचा कार्यक्रम सकाळी ठरला होता, पण साहेबांची जीप अडकली आणि सगळं दुपारवर गेलं. हार झाले, शाल झाली. सव्वा वाजता कुणीतरी टूम काढली: हरीभाऊ, शेवटची घोषणा, पूर्वीसारखी, खणखणीत! सगळ्यांनी उचलून धरली. साहेबांनी स्वतः माईक हातात दिला.

हरीभाऊंनी माईक घेतला. सदतीस वर्षांचा आवाज गळ्यापर्यंत आला होता. आणि तेव्हाच मोहल्ल्याच्या बाजूने मासूमा आणि आयात येताना दिसल्या, नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं आधी. निरोपाला म्हणून मासूमा लवकर निघाली होती. चौदा वर्षांची आयात गर्दी बघून जागीच थबकली. तिचे हात कानांकडे जायला लागले.

हरीभाऊंनी माईक बंद केला, वायर उपटली आणि नेहमीसारखी खिशात घातली. "रत्नागिरीची येळ झाली," ते साहेबांच्या कानात म्हणाले. पाटी उचलली आणि खिळ्याला लावली. माणसं ओशाळून बाजूला झाली. आयातचे हात खाली आले.

हरीभाऊंचं गावही त्याच रस्त्यावर, त्यामुळे त्यांनाही महिपतच्या गाडीनेच जायचं होतं. गाडी लागली तशी माणसांची घाई सुरू झाली. ओरडणं नाही, पण ढकलाढकल तीच. एकाने शाल पिशवीत कोंबली, दुसऱ्याने पिशवी काखेत दिली, तिसरा पाठीला हात लावून पुढे लोटतोय. हार गळ्यात, छत्री हातात, डोळ्यांत पाणी. हरीभाऊंना पायरी दिसेना. पाय घसरला. दांडा धरला म्हणून वाचले.

मागून, पट्ट्यावरून, आवाज आला. हळू, एका सुरात, पण चाल तीच, शेवटचा हेल तोच.

"घाई करू नका, गाडी तुमचीच आहे."

हरीभाऊ वळले. आयात पट्ट्याच्या टोकाशी उभी होती, नजर दीपगृहाच्या पाटीवर. मासूमाने तोंडावर हात धरला होता. मागची सगळी माणसं जागच्या जागी थांबली, आणि हरीभाऊ डोळे पुसून, सावकाश, एकेक पायरी चढले.